अमावस्येचा भाव

नाशिकला तेव्हा शेअर बाजार नव्हता, एक खोली होती. मेन रोडच्या एका बोळात, खाली साड्यांचं दुकान आणि वर आमची खोली. पुढून दगडी जिना, मागून परसातून चढणारा लाकडी जिना. त्या खोलीत मी अर्धं आयुष्य उभं राहून फळ्यावर भाव लिहिले. उभं राहून अशासाठी, की फळा टांगला होता अण्णांच्या उंचीनं, आणि अण्णा होते ताडासारखे. मी स्टुलावर चढून लिहायची.

अण्णा म्हणजे आमचे मालक. मुंबईच्या एका बड्या दलालाचे नाशिकचे हस्तक. लोकांना वाटायचं इथे सट्टा चालतो. नातेवाइकांत मी सांगितलं की शेअरच्या ऑफिसात आहे, तर आमच्या आत्या म्हणाल्या, पोलिस येत नाहीत ना गं? तर ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कंपनीचे बारीक बारीक तुकडे केलेले असतात. त्यातला एक तुकडा तुमच्या नावावर झाला की तो तुमचा शेअर. कंपनीला नफा झाला की तुकड्याची किंमत वाढते. आणि नफा होणार असं नुसतं चार जणांना वाटलं, तरीही वाढते. आमचं पोट चालायचं ते या चार जणांवर.

मुंबईचे भाव ट्रंक कॉलनं यायचे. सकाळी नोंदवलेला कॉल दुपारी लागायचा आणि लागला की ऐकू यायचा नाही. मग मी ओरडून ओरडून आकडे परत म्हणायची, खात्री करायला. खाली साडीवाल्याकडे बायका बसलेल्या असायच्या. एकदा एक बाई हटूनच बसली, की वरच्या बाई बावीस म्हणतात आणि तुम्ही पन्नास कसे लावता? साडीवाले शेटजी तेव्हापासून आमच्यावर डूख धरून होते. त्यांना वरची खोली हवी होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत त्या खोलीवरून झाली.

मला ही नोकरी मिळाली ती शिक्षणावर नाही. शाळा सातवीतच सुटलेली. इंग्रजी शिकले ते शिळ्या पेपरातलं भावांचं पान वाचून, त्यामुळे मला कंपन्यांची नावं फाडफाड येत होती पण ‘आज हवा छान आहे’ असं म्हणता येत नव्हतं. अण्णांनी मला ठेवलं त्याचं कारण वेगळंच. आमच्या घरी वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून पौर्णिमा राहिली आणि अमावस्या गेली. अण्णांकडे अमावस्या कडक. त्या दिवशी ते ऑफिसची पायरी चढत नसत, गिऱ्हाईक नवा सौदा करत नसे. पण फोन तर वाजायचाच. तेव्हा अमावस्येला ज्याला काही होत नाही असं माणूस त्यांना हवं होतं. मुलाखतीत त्यांनी मला तेवढंच विचारलं. मी म्हटलं, मला काही होत नाही. म्हणाले, उद्यापासून या.

त्यांचा नियम असा होता. अमावस्येला पुढचं दार बंद. पण विकणारा आला तर त्याला परत पाठवायचं नाही, कारण विकणारा नडलेला असतो. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाचा स्कूटरचा नंबर कैक वर्षांनी लागलेला असतो आणि पैसे भरायची मुदत तीच असते. तर विकणारे यायचे, आणि घेणारा कुणीच नाही. देवळालीला एक पारशी काका होते, त्यांनाही माझ्यासारखीच अमावस्या नव्हती. ते फोनवर भाव दोन रुपये पाडून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, सगळे हजर, भाव पुन्हा जागेवर. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईचा भाव नाशिकच्या अमावस्येनं कसा पडेल? मुंबईचा नाहीच पडायचा. पण आमच्याकडे एक घरचा शेअर होता. नाशिकचीच पंपाची कंपनी, आधी सातपूरला होती, मग अंबडला मोठी शेड बांधून गेली. तिचे शेअर होते बहुतेक नाशिककरांकडेच. मुंबईला तो शेअर सहा महिन्यांत एकदा जांभई द्यायचा. बाकी सगळी देवघेव आमच्या खोलीत, त्यामुळे त्याचा भाव म्हणजे आमच्या फळ्यावर मी लिहीन तो.

या शेअरवर दोन माणसांचा फार जीव. एक पंचवटीचे दामूगुरुजी. लोकांना मुहूर्त काढून देणारे, स्वच्छ धोतर, बोलणं गोड. त्यांचे सगळे व्यवहार गुरुपुष्य बघून. दुसरे चांदवडचे रंगनाथभाऊ, कांद्याचे व्यापारी. ते कंपनीच्या कॅंटीनला कांदा पुरवायचे, आणि त्यांची एक पद्धत होती. कॅंटीननं कांदा जास्त मागवला म्हणजे कामगार जास्त, म्हणजे जादा पाळी, म्हणजे कंपनीला मोठी ऑर्डर. की हे शेअर घ्यायचे. बरोबर निघायचं बरेचदा. एकदा कांदा एकदम तिपटीनं गेला. रंगनाथभाऊ धापा टाकत आले, त्यांनी घेतले. त्यांना बघून गुरुजींनी घेतले. गुरुजींना बघून अर्ध्या पंचवटीनं घेतले. भाव फळ्यावर मावेना. आठवड्यानं कळलं की मॅनेजरच्या मुलीचं लग्न कॅंटीनच्या आवारात होतं, भजी होती.

आणि याच वेळी वसंतराव आले होते.

वसंतराव म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. इंग्लंडात लेस्टर गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. आणीबाणीच्या थोडं आधी ते पहिल्यांदा रजेवर आले ते एक विषय घेऊनच. दोन देशांतल्या बाजारांची तुलना, बातमी भावात किती लवकर उतरते याची. मला त्यांनी फार छान समजावून सांगितलं होतं. ते म्हणायचे, हुशार बाजार कोणता, तर ज्यात बातमी आली की भाव लगेच बदलतो, मागून येणाऱ्याला फुकटचा लाभ उरत नाही. लंडनचा बाजार असा, की बातमी आल्यावर चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत भाव बदललेला असतो. आणि आपला? भजीवर चढतो.

अण्णांना हे झोंबलं. ते म्हणाले, तुझ्या लंडनात गेल्या हिवाळ्यात कोळशाच्या संपानं दिवे गेले होते, तूच पत्रात कळवलंस. मेणबत्ती लावून हुशारी चालली होती का? आमचा ट्रंक कॉल लागत नाही, पण आम्हाला एकमेकांची तोंडं तरी दिसतात.

वसंतराव हसले आणि कामाला लागले. अण्णांच्या जुन्या वह्यांवरून त्यांनी पंप कंपनीचे भाव उतरवून घेतले, पंचांग शेजारी ठेवून. मग एका संध्याकाळी भरल्या खोलीत त्यांनी जाहीर केलं की या बाजारात दर अमावस्येला भाव विनाकारण पडतो आणि प्रतिपदेला चढतो. कंपनीच्या नफ्याचा चंद्राशी काय संबंध? कुणीही अमावस्येला घेऊन दुसऱ्या दिवशी विकलं तर बसल्या जागी फायदा आहे, आणि इतकी वर्षं तो घ्यायला कुणी पुढे आलेलं नाही. याला म्हणतात झोपलेला बाजार.

गुरुजी म्हणाले, शिव शिव. रंगनाथभाऊ म्हणाले, “साहेब, पैशासाठी कोण पाप करंल? आमच्याकडं नाय चालायचं.” बाकीच्यांनीही माना हलवल्या. मी मध्येच विचारलं, तुमच्याकडे तेरा तारखेचा शुक्रवार असतो म्हणतात, तेव्हा काय होतं? वसंतराव म्हणाले, त्यांची घरमालकीण त्या दिवशी शिडीखालून जात नाही, पण ती शेअरही घेत नाही. सगळे हसले, चहा झाला, आणि काही दिवसांनी ते गेले. तिकडे त्यांनी हे छापलं, पुढे नाव झालं, बढती मिळाली.

इकडे पुढच्या अमावस्येला मी एकटी ऑफिसात बसले होते, तर मागच्या लाकडी जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं तर दामूगुरुजी. उपरणं डोक्यावरून घेतलेलं. म्हणाले, ताई, ते वसंता बोलला त्यात तथ्य नाहीच, पण समजा कुणी विकायला आलं असेल तर सौभाग्यवतीच्या नावानं थोडे घेऊन ठेवा. तिला काही ठाऊक नाही, तेव्हा तिला दोष लागत नाही, आणि मी घेतलेलेच नाहीत तेव्हा मलाही नाही. आणि हे कुणाला सांगू नका. मी म्हटलं बरं. गिऱ्हाइकाचा सौदा दुसऱ्याला सांगायचा नाही, ही आमच्या धंद्यातली शपथच आहे.

ते उतरले आणि तासाभरानं रंगनाथभाऊ चढले. त्यांच्याही मंडळींचं नाव. कुणाला सांगू नका. मग एक निवृत्त मामलेदार आले. मग पोस्टातले एक. मागच्या जिन्याच्या पायऱ्या एकदोन वर्षांत इतक्या झिजल्या की मला एक फळी नवी ठोकून घ्यावी लागली. पुढचं दार बंद असलं तरी अमावस्येला मागची घाई असायची, आणि प्रत्येकाला वाटायचं आपण एकटेच शहाणे. देवळालीच्या पारशी काकांनी मला फोनवर विचारलं, क्या हुआ, आजकल सस्ता नहीं मिलता?

काय व्हायचं? सगळेच घ्यायला लागल्यावर स्वस्त कुठून मिळणार? अमावस्येचा भाव आधी बाकीच्या दिवसांइतका झाला, मग वर गेला. मी मुकाट्यानं फळ्यावर लिहायची. अण्णा प्रतिपदेला येऊन फळा बघायचे आणि म्हणायचे, विकणाऱ्यांना हल्ली बरा भाव मिळतोय, देवाची कृपा.

त्यानंतर दहाएक वर्षांनी वसंतराव पुन्हा आले. या वेळी एस.टी.डी. आला होता. मी फिरवला नंबर की मुंबई समोर, आणि सवयीनं ओरडायची ती ओरडायचीच. वसंतरावांनी सांगितलं, आता तिकडे भाव घरातल्या टीव्हीवर दिसतात. रंगनाथभाऊंनी काळजीनं विचारलं, “मंग घरच्या बाया काय बघत्यात?”

पण या वेळी वसंतराव गमतीला आले नव्हते. वडिलांनी खोली दोघा भावांच्या नावे ठेवली होती, आणि खालच्या शेटजींनी चांगली किंमत सांगितली होती. वसंतराव म्हणाले, दादा, विकून टाकू. हा धंदा राहिलेला नाही, मुंबईहून भाव ऐकून फळ्यावर लिहायचं हे टपालाचं काम आहे. तू आता आराम कर. अण्णा म्हणाले, ही खोली गेली तर मी सकाळी उठून जाऊ कुठे? भांडण फार झालं. मीही कान देऊन होते, कारण खोली गेली की माझी नोकरी गेली, आणि चाळिशी उलटलेल्या सातवी पास बाईला अंबडला कोण विचारतंय?

शेवटी अण्णा रागाच्या भरात बोलून गेले, की आमचा बाजार झोपलेला नाही. वसंतरावांनी तिथेच धरलं. ठीक आहे, म्हणाले, येती अमावस्या ठरवू. पंप कंपनीचा भाव आदल्या दिवसापेक्षा पडला, तर तुमचा बाजार अजून चंद्रावर चालतो. मग खोली विकायची. नाही पडला तर मी पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही. अण्णा म्हणाले, कबूल. आणि मग त्यांचा चेहरा पडला, कारण त्यांना मागच्या जिन्याची काहीच कल्पना नव्हती. त्यांच्या मते भाव देवाच्या कृपेवर होता, आणि देवाचा भरवसा पैजेत कसा धरणार?

मला सगळं माहीत होतं, पण शपथ. गिऱ्हाइकांची नावं घेतल्याशिवाय काय सांगणार? अण्णांना एवढंच म्हटलं, की काळजी करू नका. ते म्हणाले, तुम्हाला काय, तुम्हाला अमावस्या नाही.

अमावस्या उजाडली. वसंतराव सकाळीच मागच्या दारानं येऊन बसले. खिसा फुगलेला. मला हळूच म्हणाले, पैज एकीकडे, पण इतका सोपा फायदा समोर असताना सोडणं शास्त्राला धरून नाही. कुणी विकायला आलं की मला सांगा, दोन रुपये खाली मी घेतो.

थोड्या वेळानं एक कंपाउंडर आला, स्कूटरच्या पैशांसाठी शेअर विकायला. मी त्याला बसवलं. तेवढ्यात जिना वाजला. दामूगुरुजी. वसंतरावांना बघून ते दारातच थिजले. म्हणाले, फोन करायला आलो होतो. वसंतराव म्हणाले, करा ना. गुरुजींनी फोन उचलला, कानाला लावला, ठेवला. म्हणाले, घरी कुणी नाही. त्यांच्या घरी फोनच नव्हता. पण ते गेले नाहीत, बाकावर बसले. मग रंगनाथभाऊ आले. त्यांना तहान लागली होती. मी पाणी दिलं, ते पितच राहिले. तिसरा तांब्या झाला तरी उठेनात. मामलेदार आले ते म्हणे जिना बघायला, चांगला जुना जिना आहे असं त्यांनी ऐकलं होतं. पोस्टातल्यांनी तर काही कारणच सांगितलं नाही, नुसते आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

खोली भरली. सगळे एकमेकांच्या जाण्याची वाट बघत होते. मी चहा टाकला. चहाही संपला. शेवटी कंपाउंडर म्हणाला, बाई, कुणी घेणार आहे का? मला एक वाजता शोरूमला जायचंय.

मग वसंतरावांनी घसा साफ केला आणि प्राध्यापकी आवाजात सांगितलं, कालच्या भावाच्या दोन रुपये खाली मी घेतो.

रंगनाथभाऊंच्या हातात चौथा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला.

“एक रुपया खाली. मंडळींच्या नावानं.”

“कालच्याच भावानं,” गुरुजी छताकडे बघत म्हणाले, “सौभाग्यवती घेईल.”

मग धरणच फुटलं. मामलेदार आठ आणे वर, पोस्टातले बारा आणे वर, कंपाउंडर नुसता माना वळवतोय. वसंतरावांचा चेहरा लाल झाला, आणि मला वाटतं त्या घटकेला ते लेस्टर विसरले, पैज विसरले, सगळं विसरले. रंगनाथभाऊ रुपया वर म्हणाले की ते सव्वा म्हणायचे. आणि ऐन गर्दीत पुन्हा दार वाजलं. दारात अण्णा. कानाला मफलर, हातात भाजीची पिशवी. अमावस्येला त्यांनी पायरी चढल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, दिवा चालू राहिलाय का ते बघायला आलो. दिवसाढवळ्या. मग त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, आकडा ऐकला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, “दीड रुपया वर.”

“दोन,” वसंतराव ओरडले.

कंपाउंडर घाईनं म्हणाला, दिले, दिले, यांना दिले. मी स्टुलावर चढले आणि फळ्यावर भाव लिहिला. आदल्या दिवसापेक्षा दोन रुपये वर.

फळ्याकडे बोट करून वसंतरावांनी गुरुजींना विचारलं, हे कधीपासून? गुरुजी म्हणाले, तू मागे सांगून गेलास ना, त्याच्या पुढच्याच अमावस्येपासून. प्रत्येकानं मान खाली घालून तेच सांगितलं. अण्णा एकेकाकडे बघत होते, पण स्वतः हातात पिशवी घेऊन उभे, मग रागावणार कुणाला?

वसंतराव हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाले, दादा, मी हे तिकडे छापलं तर दोन वर्षं कुणी वाचलं नाही. आणि इथे एका चहात बाजार सुधारला. त्यांनी पैज हरल्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं. आता दोन देशांची तुलना नव्यानं करावी लागेल, म्हणाले.

एवढ्यावर निभावलं असतं तर मीही त्यांना मोठ्या मनाचा माणूस म्हटलं असतं. पण प्रतिपदेला भाव दोन रुपये उतरला. सगळ्या खोलीत सर्वांत महाग घेणारे एकटे वसंतराव होते. त्यांनी मला विचारलं, उद्या चढेल ना? मी म्हटलं, सांगता येत नाही. परवा? ते तीन दिवस जाणं लांबवून रोज पुढच्या जिन्यानं येऊन फळ्यापुढे बसले. मग रजा संपली.

मागचा जिना त्यानंतर ओस पडला. एकमेकांना बघितल्यावर लपण्यात मजा राहिली नाही, आणि भाव सगळे दिवस सारखाच झाल्यावर अमावस्येला येऊन करायचं काय? दामूगुरुजी पुन्हा कडक झाले. फायदा नसताना नियम मोडणं बरं नव्हे, असं ते सगळ्यांना सांगायचे. रंगनाथभाऊ म्हणाले, “पाप करावं तर काय तरी मिळाया पाह्यजे, ताई.”

शेटजींनी पुढे दोनदा किंमत वाढवून सांगितली. प्रत्येक वेळी लेस्टरहून अण्णांना पत्र आलं, की आपला भाव परत येईपर्यंत खोली विकायची नाही, फळा काढायचा नाही, कमलताईंना सोडायचं नाही. कमलताई म्हणजे मी. अण्णा ते पत्र वाचून दाखवायचे आणि मग पंप कंपनीचं बरं होऊ नये म्हणून मनात काय म्हणायचे ते त्यांनाच ठाऊक. चारेक वर्षं कंपनीनंही त्यांचं ऐकलं.

मग एकदा कंपनीला परदेशातून खरीच मोठी ऑर्डर आली, कॅंटीनमध्ये लग्न वगैरे काही नसताना. भाव चढत चढत वसंतरावांनी घेतला होता त्याच्यावर गेला. अण्णा खुर्चीत बसले होते. म्हणाले, लावा फोन, कधीतरी लावावाच लागणार. मी इंग्लंडचा कॉल नोंदवला. लागल्यावर ओरडून भाव सांगितला, आणि विचारलं, विकून टाकू?

पलीकडून त्यांनी आकडा दोनदा परत म्हणवून घेतला. मग वसंतराव म्हणाले, “थांबा जरा, कमलताई. अजून थोडा वाढेल असं वाटतंय.”